नाव तिचे, पासबुक कोणाकडे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे अहवाल आले की मुलांच्या वजनाचे, लसीकरणाचे, जन्मदराचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात. याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना पैशाविषयीही दोन साधे प्रश्न विचारलेले असतात. त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिला प्रश्न असा, की तुम्ही स्वतः वापरता असे बँकेत किंवा बचतीचे खाते तुमच्याकडे आहे का? आणि दुसरा, की ज्यांचे काय करायचे हे तुम्ही एकट्याने ठरवू शकता असे काही पैसे तुमच्याकडे आहेत का?

पहिल्या प्रश्नाला २००५-०६ मध्ये शंभरातल्या १५ जणींनी ‘हो’ म्हटले. २०१५-१६ मध्ये ५३ जणींनी आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ७९ जणींनी. पंधरा वर्षांत पाचपट वाढ. जगात इतक्या वेगाने इतक्या बायकांची खाती क्वचितच कुठे उघडली गेली असतील. आता दुसरा प्रश्न. त्याच तीन पाहण्यांमध्ये त्याला ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरात अनुक्रमे ४५, ४२ आणि ५१ होत्या.

हे आकडे मी प्रथम शेजारी शेजारी मांडले तेव्हा कुठेतरी उतरवून घेण्यात चूक झाली असावी असे वाटले. चूक नव्हती. ७९ मधून ५१ वजा केले तर २८ उरतात. म्हणजे देशातल्या शंभर बायकांपैकी निदान २८ जणी अशा, की त्यांच्या नावाने खाते चालते, पण स्वतःच्या मनाने मोडता येईल असा रुपया त्यांच्याकडे नाही. खाते आणि पैसा या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या सुट्या कशा राहिल्या, हा प्रश्न अर्थशास्त्राचा वाटतो खरा. पण त्याचे उत्तर शोधायला मला मागे, बरेच मागे जावे लागले.

सुरुवात स्त्रीधनापासून करावी लागते. हिंदू धर्मशास्त्राने बाईला संपत्ती ठेवण्याचा अधिकार दिला, तोही इंग्लंडच्या कायद्याने दिला त्याच्या कितीतरी आधी, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली आणि स्त्रीधनाची व्याख्या पुष्कळ रुंद केली. सतराव्या शतकातल्या नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या कोर्टांनी प्रमाण मानला. मुंबई इलाख्यातल्या बाईची स्थिती वारशाच्या बाबतीत बंगाल-मद्रासपेक्षा थोडी बरी होती, असे जुने वकील म्हणत, ते याच दोन ग्रंथांच्या जोरावर.

पण स्त्रीधन म्हणजे नेमके काय, याची यादी नीट वाचली की एक गोष्ट खटकते. माहेरून मिळालेले, लग्नात अग्नीसमोर मिळालेले, आईबापांनी-भावांनी प्रेमाने दिलेले, नवऱ्याने दिलेले, हे सगळे तिचे. मात्र कात्यायनाने एक अपवाद करून ठेवला. बाईने आपल्या हातच्या कारागिरीने जे मिळवले किंवा परक्याने तिला जे दिले, त्यावर सत्ता नवऱ्याची. इंग्रजी कोर्टांनी या अपवादाला कायद्याचे रूप दिले. तिने कष्टाने मिळवलेले तिचेच, पण नवरा हयात असेपर्यंत त्याच्या संमतीवाचून त्याची विल्हेवाट तिला लावता येणार नाही. थोडक्यात, जे तिला कोणी दिले ते तिचे आणि जे तिने कमावले ते त्याच्या हाती. दानावर हक्क होता, मजुरीवर नव्हता. स्त्रीधनाची थोरवी सांगताना ही ओळ बहुधा गाळली जाते.

१८७४ साली सरकारने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. लग्न झालेल्या बाईचे वेतन आणि कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. पण त्याच कायद्याच्या सुरुवातीला आणखी एक वाक्य होते. लग्नाच्या वेळी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन असलेल्या बाईला हा कायदा लागू नाही. राहिल्या कोण? ख्रिस्ती, पारशी, ज्यू, युरोपियन. मुंबईतल्या नव्या गिरण्यांच्या दारात पहाटे उभ्या राहणाऱ्या घाटावरच्या आणि कोकणातल्या बायकांपैकी जवळपास कोणीच नाही.

गंमत अशी, की याच्या एकच वर्ष आधी, १८७३ मध्ये, सरकारी बचत बँकांच्या कायद्यात विवाहित बाईच्या ठेवीबद्दल एक छोटे कलम आले होते. तिने ठेवलेली रक्कम तिलाच द्यावी आणि तिची पावती पुरेशी मानावी, असा त्याचा आशय. नवऱ्याची सही नको. १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक देशभर सुरू झाली आणि हे कलम खिडकीपलीकडच्या कारकुनापर्यंत पोचले. माझ्या मते ते बाईच्या हक्कासाठी लिहिलेले नव्हतेच. उद्या तिचा नवरा भांडत आला तर पोस्टाला दोनदा पैसे द्यावे लागू नयेत, एवढीच काळजी त्यात दिसते. तरी काही असो, बाईचा पैसा तिच्या एकटीच्या अंगठ्यावर परत मिळू शकेल अशी पहिली सरकारी जागा पोस्टाची खिडकी ठरली.

त्या खिडकीपर्यंत पोचणाऱ्या बायका मात्र थोड्या होत्या. बाकीच्यांची बँक अंगावर होती. पुतळ्यांची माळ घ्या. ‘पुतळी’ हे मुळात सोन्याच्या नाण्याचे नाव आहे. व्हेनिसची सोन्याची नाणी व्यापारातून आपल्याकडे आली, त्यांच्यावरच्या माणसांच्या आकृतींवरून लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटले आणि ती ओवून बायकांच्या गळ्यात घातली. शब्दशः गळ्यात घातलेली थैलीच ती. अडचण आली की एक पुतळी काढायची, बरे दिवस आले की पुन्हा ओवायची. पण काढायची कोणी ठरवायचे? दुष्काळ, आजारपण, धर्मकृत्य, कैद अशा संकटात नवऱ्याने स्त्रीधन वापरले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, अशी सूट शास्त्रानेच दिलेली होती. शेतकऱ्याच्या घरात यांपैकी एखादे संकट नसलेले वर्ष शोधावे लागेल. पाटल्या गहाण टाकून बी-बियाणे आणले, पाटल्या सोडवल्या, पुन्हा टाकल्या. कित्येक घरांच्या कथांमध्ये पाटल्या बाईच्या हातात कमी आणि सावकाराच्या तिजोरीत जास्त राहिलेल्या दिसतात.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हा सगळा स्त्रीधनाचा इतिहास सोने असलेल्या घरांचा आहे. गावकुसाबाहेरच्या बाईला माहेरहून पुतळ्यांची माळ येत नव्हती, तिची मजुरी धान्यात मिळत होती आणि तीही पाटलाच्या मर्जीने. ज्या बाईकडे देण्याघेण्याचे काही नव्हते, तिच्यासाठी कात्यायनाचा तो अपवाद हाच खरा कायदा होता. कारण तिच्याजवळ जे काही होते ते हातचे कमावलेलेच होते.

पांढरपेशा घरांत वेगळी गोष्ट. तिथे बाई कमावत नव्हती, हिशेब लिहीत होती. दूधवाला, वाणी, धोबी यांची वही तिच्याकडे, पगार मात्र त्यांच्या खिशात. घरखर्चाला मिळालेल्या रकमेतून चार आणे वाचवणे एवढीच तिची अर्थव्यवस्था. महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाला आपली शिल्लक दिली आणि आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. या त्यागाचे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याची घरातली बाजू बघायची तर बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ उघडावे लागते. पॉलिसी म्हणजे नवऱ्यामागे बायको-मुलांनी काय खायचे याची तजवीज. ती कोणाला द्यायची हे ठरवणारा एकटा नवरा होता आणि कायद्यानेही त्याला कोणी अडवले नसते. बायांनी सुइणीचे शिक्षण घेऊन स्वतः कमावण्याची धडपड केली ती या पार्श्वभूमीवर. १८७४ च्या कायद्यातले विम्याचे कलम हिंदूंना आमच्या भागात लागू झाले ते १९२३ साली. बायकोच्या नावे त्या कलमाखाली काढलेली पॉलिसी नवऱ्याला परस्पर देऊन टाकता येत नाही, त्याच्या सावकारांनाही ती जप्त करता येत नाही. आजही हे कलम जिवंत आहे. किती नवरे विमा एजंटाला ते विचारतात, हा भाग वेगळा.

यानंतरचे कायदे वाचकांना बहुधा ठाऊक आहेत. १९३७ मध्ये मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याने ‘हयातीपुरता’ हा शब्द पुसला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. कागद पुढे सरकत राहिला. हातांचे काय झाले, ते बघण्यासाठी कोकणात आणि मुंबईत जाऊ.

कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा मुलूख’ म्हणत. १८८० पासून टपाल खाते मनीऑर्डर पोचवू लागले आणि गिरणीतला, गोदीतला, घरकामातला पुरुष महिन्याला काही रुपये रत्नागिरीच्या, सावंतवाडीच्या खेड्यात धाडू लागला. गावी राहिलेली बायको भात लावायची, गुरे सांभाळायची, म्हाताऱ्यांचे करायची. घर तीच चालवत होती, असे आपण सहज म्हणून जातो. पण मनीऑर्डर कोणाच्या नावाने येत होती? साधारणपणे सासऱ्याच्या, तो नसेल तर सासूच्या, नाहीतर थोरल्या दिराच्या. पोस्टमन ओटीवर बसायचा, नोटा मोजून द्यायचा, फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर वाचून दाखवायचा. सून दाराआड उभी राहून ऐकायची, तिच्यासाठी त्यात एखादी ओळ असली तर. स्वतःच्या नावाची मनीऑर्डर येऊ लागणे हा कोकणातल्या बाईच्या आयुष्यातला मोठा टप्पा होता. तो बहुधा चूल वेगळी झाल्यावरच येई.

मुंबईत मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करत. पगार कमी, पण हातात मिळे, स्वतःच्या हातात. आणि गिरणीबाहेर गिरणगावातल्या चाळींत दुसरा एक मोठा धंदा उभा राहिला, खाणावळीचा. बायको गावी ठेवून आलेल्या कामगाराला दोन वेळचे जेवण हवे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई आठ-दहा, कधी वीस जणांना जेवू घाली. पैसे पगाराच्या दिवशी. पगार मात्र महिना संपल्यावरही बरेच दिवस अडकवलेला. म्हणजे त्या बाईने महिनाभर आणि वर काही दिवस आपल्या पदरचे घालून कामगारांना पोसायचे. नीट पाहिले तर मुंबईच्या कापड गिरण्यांना लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा एक हिस्सा या बायका बिनव्याजी पुरवत होत्या. गिरण्यांच्या ताळेबंदात त्याची नोंद कुठून असणार?

बिनव्याजी म्हणतो ते गिरणीच्या बाजूने. खाणावळवालीला स्वतःला व्याज भरावेच लागे. वाण्याकडून उधार, नाहीतर सावकाराकडून रोख. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा ४७ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. व्याजाचा रूढ दर होता रुपयाला महिना एक आणा. ऐकायला हलका वाटतो. बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के. मंगळसूत्रातले मणी, पितळेची भांडी, जे असेल ते तारण.

१९६९ च्या जुलैमध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ मध्ये गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना आली. तरी खाणावळवालीपर्यंत बँक आपण होऊन आली नाही. तिला बँकेपर्यंत नेले प्रेमाताई पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात पडलेल्या, नंतर गिरणगावातल्या चळवळीत मुरलेल्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. पहिल्या गटात १४ बायका होत्या. त्यांनी एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळाले. ‘हमी कोण देणार’ या प्रश्नाचे उत्तर तोपर्यंत एकच असे, नवरा. इथे पहिल्यांदा शेजारीण हमीदार झाली. ज्या बाईची चूल रोज पेटताना आपण बघतो, ती कर्ज फेडेल की नाही हे शेजारणीला जितके कळते तितके मॅनेजरला कळणार नाही, हे व्यवहारी शहाणपण त्यामागे होते. आदल्याच वर्षी अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली होती. काळच तसा होता. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला. पगाराचा दिवसच नाहीसा झाला आणि गावी परतलेल्या कितीतरी कामगारांची बिले खाणावळींच्या वह्यांत तशीच राहिली.

शेजारणीची हमी ही प्रेमाताईंनी नव्याने शोधलेली गोष्ट नव्हती. ती भिशीत पिढ्यानपिढ्या होती. बारा जणींनी महिन्याला पाचशे काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचे नाव निघेल तिने सहा हजार उचलायचे. व्याज नाही, नफा नाही. हिशेबी माणूस म्हणेल, यात मिळवलेत काय? पोस्टात ठेवले असते तर निदान व्याज आले असते. मी बरीच वर्षे असेच म्हणत होतो. मग एका भिशीच्या दुपारी चहा घेताना एका बाईंच्या बोलण्यातून लख्ख उमगले. घरात पाचशे रुपये असले आणि नवऱ्याने किंवा मुलाने मागितले, तर ‘नाहीत’ म्हणता येत नाही आणि ‘देत नाही’ तर म्हणताच येत नाही. पण ‘ते भिशीचे आहेत’ म्हटले की समोरचा गप्प बसतो. कारण ते पैसे आता तिचे राहिलेले नसतात, अकरा जणींचे झालेले असतात. स्वतःच्या पैशाला स्वतःचे म्हणून राखता येत नाही, म्हणून तो परक्याचा करून ठेवायचा. भिशीचे व्याज हे आहे.

डाळीच्या डब्यातल्या, गादीच्या शिवणीतल्या, देव्हाऱ्याच्या मागच्या नोटांचेही तसेच. त्याला आपण हौसेने ‘बायकांची काटकसर’ म्हणतो. त्यात काटकसर अर्धी आणि लपवणूक अर्धी असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ही लपवणूक एका फटक्यात उघडी पडली. वीस-तीस वर्षे जमवलेली पुंजी घेऊन बायकांना नवऱ्यापुढे, मुलापुढे उभे राहावे लागले, कारण रांगेत जाऊन बदलून आणणारा बहुतेक तोच होता. गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेबाबत विचारणा होणार नाही, असे सरकारने तेव्हा सांगितले. तरी एका बाईच्या ठेवीवर कर लावला गेला आणि ते प्रकरण आग्र्याच्या प्राप्तिकर न्यायाधिकरणापर्यंत गेले. २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने बाईच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे संसारातून वाचवलेला पैसा बाईचे उत्पन्न धरावे की नाही, यावर निवाडा व्हायला एकविसाव्या शतकाची वीस वर्षे जावी लागली. पण प्राप्तिकर खात्याची विचारणा टळली, घरातली टळली नाही. ‘एवढे होते, मग तेव्हा का नाही काढलेस?’ या प्रश्नाला कोणते न्यायाधिकरण?

कात्यायनाचा अपवाद अजून जिवंत कुठे आहे, असे कोणी विचारले तर मी ऊसतोडीचे नाव घेईन. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास बीडच्या, जालन्याच्या, अहिल्यानगरच्या गावांतून ट्रॅक्टर निघत असतील. ऊसतोडीत मजूर मोजायचे एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकात चढवते. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी जी रक्कम मिळते ती ‘उचल’. ती पूर्ण कोयत्याची असते, पण घेतो नवरा. ती कशावर खर्च होणार हे तोच ठरवतो. फेडायची मात्र दोघांनी, टनावर. आजारपणात एक दिवस बुडाला की ‘खाडा’, त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली, ती बातमी वाचकांना आठवत असेल. पाळीच्या त्रासाने पडणारा खाडा परवडत नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. अर्धे काम जिचे, तिच्या नावाने हिशेबाच्या वहीत ओळसुद्धा नाही. कर्ज आहे, ते मात्र तिच्या अंगावर.

याच दुष्काळी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना गाला-सिन्हा या मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या आणि लग्न करून माणदेशात राहिलेल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यासाठी ताडपत्री घ्यायची होती, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते आणि तिचे खाते उघडायला कोणती बँक तयार नव्हती. तिथून या बँकेची गोष्ट सुरू होते. रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते. बायका वाचायला-लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. मुद्दल सांगा, तोंडी व्याज काढून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना म्हटले, ही हकीकत आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पासबुकाची हकीकत. खाती उघडली तेव्हा बायका पासबुक घरी न्यायला कचरत. घरात पासबुक दिसले की शिल्लक दिसणार, शिल्लक दिसली की मागणी होणार. बँकिंगच्या पुस्तकात पासबुक ही खातेदाराच्या विश्वासाची खूण आहे. इथे तीच चुगली करत होती. बँकेने हे ऐकून घेतले. रोजची वसुली बाजारात, दारात जाऊन करायची, बाईने बँकेत यायची वाट बघायची नाही आणि तिची शिल्लक तिच्याखेरीज कोणाला कळू द्यायची नाही, अशी कामाची रीत पडत गेली. सरकारनेही मधल्या काळात एक महिला बँक काढून पाहिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईत थाटात सुरू झालेली भारतीय महिला बँक एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या शाखा शहरी होत्या आणि रीत इतर कोणत्याही बँकेसारखीच.

बचत गटांबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांचा प्रयोग सुरू केला, महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने, ‘माविम’ने, ते काम गावोगाव नेले. गटाने बायकांना घराबाहेर बसायला जागा दिली, बोलायला कारण दिले. पण गटाचे कर्ज उचलून नवऱ्याच्या हाती देणे, त्याच्या मोटारसायकलचे किंवा बोअरवेलचे हप्ते आपण भरणे, हेही सर्रास घडले. गटाची पेटी नवऱ्यांना लवकर दिसली. भिशी मात्र पुरुषांनी कायम क्षुल्लक मानली आणि म्हणून ती वाचली. घराच्या कागदांचेही तेच. बाईच्या नावाने घर नोंदवल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत राज्याने एप्रिल २०२१ पासून दिली. नवऱ्यांनी बायकोच्या नावाने घरे घेतली. चावी आणि विक्रीचा निर्णय कोणाकडे, हे शुल्काच्या पावतीवर लिहिलेले नसते.

ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि सुरुवातीला सांगितलेले आकडे उसळले. निम्म्याहून जास्त जनधन खाती बायकांची आहेत. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०१४ मध्ये भारतात खाते असलेल्या पुरुषांचे प्रमाण बायकांपेक्षा वीस टक्क्यांनी अधिक होते, २०२१ मध्ये ही तफावत उरली नाही. एवढे मोठे काम झाले, ते मान्यच करायला हवे. पण मध्य प्रदेशातला एक अभ्यास यापुढचे सांगतो. रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, २०२१ मध्ये तो छापून आला. उत्तर मध्य प्रदेशातल्या गावांत काही बायकांना नुसते खाते उघडून दिले. काहींची रोजगार हमीची मजुरी थेट त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खाते कसे वापरायचे हे शिकवलेही. नुसत्या खात्याने फारसे काही हलले नाही. जिथे मजुरी थेट आली आणि खाते चालवता आले, तिथल्या बायका अधिक काम करू लागल्या, सरकारी कामावर आणि खासगीतही. ज्यांना आधी घरातून कामाला जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्यात हा फरक विशेष दिसला.

जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’चे महिना दीड हजार रुपये दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांत जाऊ लागले. खाते तिच्या एकटीच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे, अशी अट होती. त्यासाठी बँकांसमोर लागलेल्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या. ही मजुरी नाही, हे देणे आहे. कात्यायनाच्या यादीत ते कुठल्या रकान्यात बसले असते, याचा विचार करत मी त्या दिवसांत एका बँकेच्या आवारात बराच वेळ उभा होतो. फॉर्मवर मोबाईल नंबरचा रकाना होता. माझ्यापुढच्या बाईने मागे वळून मुलाला नंबर विचारला. तिच्यापुढचीने नवऱ्याला. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आणखी एक आकडा आहे. स्वतः वापरतो असा मोबाईल असलेल्या बायका शंभरात ५४. खाते असलेल्या ७९. महिन्याला पैसे जमा झाल्याचा संदेश येतो, तो फॉर्मवरच्या नंबरला येतो. रक्कम, तारीख आणि खाली एकूण शिल्लक.